आधी शटर अर्धं खाली, मग डेटाबेस बंद

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सात. देवगडजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडच्या मालकांचा फोन. मी त्यांना काका म्हणते, ते मला बाय म्हणतात.

‘गो बाय, शनवारची बिलां खंय गेली?’

शनिवारी त्यांच्याकडे १४३ बिलं झाली होती. आकडा पक्का, कारण बिलाचा नंबर पावतीवर छापून येतो आणि कार्बन कॉपीचा गठ्ठा गल्ल्याखालीच होता. मशीनवर मात्र अजून शुक्रवारची संध्याकाळ. आंबा वाशीला पोचलेला, ट्रक परतीच्या वाटेवर, आणि कोणत्या बागायतदाराच्या किती पेट्या, किती डझनी, कोणाला उचल किती दिली, यातलं मशीनमध्ये काही नाही.

चौकशी केली. रात्री दहाला काकांनी मी लिहून दिलेला बिलांचा प्रोग्रॅम बंद केला. त्यांच्या पुतण्याने हिशेबनिसाला द्यायला डेटाबेसची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. शेजारी त्याच नावाच्या, मागे शेपूट लावलेल्या आणखी दोन फायली त्याला दिसल्या. ‘फालतू दिसल्यो म्हणान काढून टाकलंय,’ तो म्हणाला. त्याला काय बोलणार? प्रोग्रॅम बंद झाल्यावर त्या फायली तिथे असायलाच नको होत्या. माझ्या कोडने डेटाबेस बंद केलाच नव्हता, बंद केल्यासारखं दाखवलं होतं.

तो रविवार मी शेडवर गवताच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून बसले आणि १४३ बिलं पुन्हा भरली. कार्बन कॉपीवर पाच डझनी की सहा डझनी हे प्रत्येक चौथ्या पावतीला विचारावं लागत होतं. तेव्हापासून डेटाबेस बंद करायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. ती इथे मांडते. फंक्शनांची नावं उच्चारानुसार लिहिली आहेत, काम करणाऱ्यांना ती ओळखू येतील.

कीर्द आणि खतावणी

शेडवरचा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये आहे आणि डेटाबेस एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस म्हणजे वेगळा सर्व्हर नाही, एक लायब्ररी आणि एक फाइल. म्हणूनच तो बंद करायची जबाबदारी सगळी आपल्या कोडवर येते. मागे उभा राहून आवराआवर करणारा कोणी नाही.

२०१० मध्ये ३.७.० आवृत्तीत त्यात ‘वॅल’ (राइट-अहेड लॉग, आधी नोंद लिहून ठेवण्याची) पद्धत आली. ज्यांच्या घरात दुकान आहे त्यांना ही एका वाक्यात कळेल: व्यवहार आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत लिहायचा, सवडीने खतावणीत, म्हणजे खात्यांच्या पक्क्या वहीत उतरवायचा. मुख्य फाइल ही खतावणी. ‘-वॅल’ शेपटाची फाइल ही कीर्द. तिसरी ‘-एसएचएम’, म्हणजे कोणतं पान कीर्दीत कुठे आहे याची सूची. कमिट (व्यवहार पक्का करणं) झालं म्हणजे कीर्दीत लिहिलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ. खतावणीत उतरवण्याच्या कामाला चेकपॉइंट म्हणतात. कीर्द १००० पानांची झाली की एसक्यूलाइट आपणहून चेकपॉइंट करू पाहतं, आणि एक पान हल्ली ठरावीकपणे ४०९६ बाइटचं असतं. म्हणजे साधारण ४ एमबी. लहान धंद्याची दिवसभराची बिलं एवढ्यात आरामात मावतात.

शेवटचं कनेक्शन, म्हणजे प्रोग्रॅमने डेटाबेसशी उघडलेली जोडणी, नीट बंद झालं की एसक्यूलाइट उरलेली कीर्द खतावणीत उतरवतं आणि त्या दोन्ही जादा फायली स्वतः काढून टाकतं. नीट बंद झालं नाही तर त्या राहतात. पुढच्या वेळी उघडताना त्या वाचून सगळं जागच्या जागी येतं, त्यामुळे एरवी कोणाला पत्ता लागत नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये हे दोन महिने रोज होत होतं आणि मी निवांत होते.

आता माझी चूक. शेडवर बागायतदाराकडे तोंड करून एक दुसरा पडदा आहे, त्यावर वजन आणि आजचा दर दिसतो. त्याला मी वेगळं कनेक्शन दिलं होतं. सकाळी प्रोग्रॅम सुरू झाला की तो दराच्या तक्त्यातून एक ओळ वाचायचा. मला एकच ओळ हवी होती. मी ‘स्टेप’ हे पुढची ओळ आणणारं फंक्शन एकदा बोलावलं, ‘रो’ (ओळ मिळाली) असं उत्तर आलं, दर घेतला आणि पुढे गेले. ‘डन’ (ओळी संपल्या) येईपर्यंत थांबले नाही, रीसेट केलं नाही, फायनलाइझ तर नाहीच. एसक्यूलाइटच्या दृष्टीने ते वाचन दिवसभर चालूच होतं. वाचणारा जिथे उभा आहे त्याच्या पुढचं खतावणीत उतरवता येत नाही, त्यामुळे सकाळनंतरची सगळी बिलं कीर्दीत अडकून राहायची. रात्री बिलांचं कनेक्शन बंद व्हायचं, पण दराच्या कनेक्शनचं क्लोज ‘बिझी’ म्हणजे ५ हा आकडा परत द्यायचं. तो आकडा मी तपासतच नव्हते. प्रोसेस संपायची, कीर्द तशीच डिस्कवर.

शटर

आमच्याकडे दुकान बंद करायची एक रीत आहे. वेळ झाली की शटर एकदम खाली ओढत नाहीत. अर्धं घेतात. नवं गिऱ्हाईक आत येत नाही, आतल्याचं बिल होतं, तो वाकून बाहेर पडतो, गल्ला मोजला जातो, मग शटर पूर्ण खाली आणि कुलूप. कोडमध्ये बहुतेकजण फक्त कुलूप लिहितात.

तर पहिलं काम, अर्धं शटर. प्रोग्रॅमभर दिसेल असं एक निशाण ठेवा, ‘बंद होत आहे’. ते लागलं की नवं बिल सुरू करणारं बटण निकामी, टायमर थांबलेले, वजनकाट्यावरून सीरियल पोर्टने आकडे वाचणारा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) थांबायच्या वाटेवर. थ्रेडला नुसतं ‘थांब’ सांगून पुढे जाऊ नका, तो खरंच संपेपर्यंत जॉइन करून वाट बघा. मी एकदा काट्याच्या थ्रेडला विसरले होते. कनेक्शन बंद केल्यानंतर तिसऱ्या मिलिसेकंदाला त्याने शेवटचं वजन नोंदवायचा प्रयत्न केला आणि प्रोग्रॅम कोसळला. काट्यावर तेव्हा पेटी नव्हती, शेडमधलं मांजर होतं.

दुसरं, हातातला व्यवहार. उघडं ट्रँझॅक्शन असताना कनेक्शन बंद केलं तर एसक्यूलाइट ते आपोआप रद्द करतं. बरोबरच आहे, पण तो निर्णय त्याच्यावर सोडू नका. माझा नियम असा: बिलाच्या सगळ्या ओळी भरून झाल्या असतील आणि फक्त कमिट राहिलं असेल तर कमिट करा. बिल अर्धवट असेल तर रोलबॅक करा, म्हणजे व्यवहार रद्द करा, आणि वापरणाऱ्याला सांगा की अमुक नंबरचं बिल नोंदलं गेलेलं नाही. जाता जाता सरसकट कमिट मारणं सगळ्यात वाईट. त्याने पाच पेट्यांच्या बिलात तीनच पेट्या पक्क्या होतात, आणि हे कळायला आठवडा लागतो.

तिसरं, स्टेटमेंटं. माझा दोन महिन्यांचा घोळ इथलाच, म्हणून इथे जरा थांबते. स्टेटमेंट म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा. प्रिपेअर (चालवायला तयार) केलेलं प्रत्येक स्टेटमेंट फायनलाइझ झालं, म्हणजे कायमचं मोडीत निघालं पाहिजे. रीसेट वेगळं: त्याने वाचन थांबतं आणि पकडलेली जागा सुटते, पण स्टेटमेंट जिवंतच राहतं, पुन्हा वापरता येतं. दिवसभर रीसेट, बंद करताना फायनलाइझ, असं लक्षात ठेवा. एकच ओळ हवी असेल तरी ती घेतल्यावर लगेच रीसेट करायचंच. स्टेटमेंटांबरोबर आणखी दोन गोष्टी क्लोजला अडवतात: उघडे राहिलेले ब्लॉब (चित्रासारखा मोठा डेटा) आणि अर्धवट सोडलेलं बॅकअप. शेडवर पावतीला बागायतदाराच्या सहीचं चित्र जोडायची सोय आहे, तिथे ब्लॉब उघडा राहू शकतो हे मला नंतर सुचलं.

कोणतं स्टेटमेंट राहिलं हे शोधायला ‘नेक्स्ट स्टेटमेंट’ नावाचं फंक्शन आहे. कनेक्शन आणि नल (रिकामा पॉइंटर) दिलं की पहिलं उघडं स्टेटमेंट मिळतं, ते दिलं की पुढचं, संपले की नल. प्रत्येकाचा मजकूर ‘एसक्यूएल’ फंक्शनने काढून लॉगमध्ये लिहा. मी हे केलं तेव्हा लॉगमध्ये दराच्या तक्त्याची ती एकच ओळ उमटली. दोन महिन्यांचा गुन्हेगार एका ओळीत.

हाच लूप वापरून दिसेल ते स्टेटमेंट फायनलाइझ करत सुटायचा मोह होतो. मी ते करते, पण फक्त शेवटचा उपाय म्हणून, तेही सगळे थ्रेड संपल्यावर. कारण ते स्टेटमेंट कोणत्या तरी ऑब्जेक्टच्या पोटात आहे, तो ऑब्जेक्ट नंतर आपल्या डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) त्याला पुन्हा फायनलाइझ करायला जाईल आणि मोकळ्या झालेल्या मेमरीवर हात टाकेल. चाचणीच्या बिल्डमध्ये मी हा लूप फक्त ओरडायला ठेवला आहे: एक जरी स्टेटमेंट सापडलं तरी प्रोग्रॅम तिथेच थांबतो. चूक मूळ जागी दुरुस्त होते ती अशानेच. क्यूटी ही सी प्लस प्लसची लायब्ररी वापरणाऱ्यांना हेच दुसऱ्या तोंडाने ऐकू येतं. क्वेरीचे ऑब्जेक्ट जिवंत असताना ‘रिमूव्ह डेटाबेस’ केलं की कनेक्शन अजून वापरात आहे अशी ताकीद येते. ती ताकीद दाबू नका, क्वेरी आधी स्कोपबाहेर जाऊ द्या.

चौथं, गल्ला मोजणे. आधी ‘ऑप्टिमाइझ’ हा प्रॅग्मा (एसक्यूलाइटला द्यायची खास सूचना) चालवते, त्याने लागेल तिथे इंडेक्सची माहिती ताजी होते. बहुतेक वेळा क्षणात संपतं. मग ‘वॅल चेकपॉइंट’ हा प्रॅग्मा, ‘ट्रंकेट’ प्रकाराचा. शेवटचं क्लोज हे काम करणारच असतं, तरी मी ते आधी स्वतः करते, कारण यात उत्तर मिळतं. तीन आकडे येतात, त्यातला पहिला बघायचा. ० म्हणजे अडथळा आला नाही. १ म्हणजे कोणीतरी वाचतो आहे किंवा लिहितो आहे, काम पुरं झालं नाही. हा प्रकार ‘बिझी टाइमआउट’ (अडथळा दूर व्हायची किती वेळ वाट बघायची) मानतो, म्हणून मी तो ५ सेकंदांवर ठेवते.

पाचवं, कुलूप. क्लोज बोलावा, परत आलेला आकडा बघा. ० असेल तर पॉइंटर नल करा. नल पॉइंटरवर चुकून दुसऱ्यांदा क्लोज गेलं तरी काही होत नाही, जुन्या पॉइंटरवर गेलं तर काय होईल सांगता येत नाही. ५ आला तर घाबरू नका, कनेक्शन अजून उघडं आणि वापरण्याजोगं आहे. काय राहिलं ते लॉगमध्ये लिहा, आवरा, पुन्हा क्लोज करा. एकापेक्षा जास्त कनेक्शनं असतील तर आधी वाचणारी बंद करा आणि लिहिणारं सगळ्यात शेवटी. चेकपॉइंटही वाचणारी गेल्यावरच.

हे सगळं ग्लोबल ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरमध्ये कोंबू नका. मेन संपल्यानंतर कोण आधी मरतो याचा भरवसा नसतो, आणि तिथून चूक कळवायला जागाही उरत नाही. बंद करण्याचं एक साधं फंक्शन लिहा, ते खिडकी बंद होण्याआधी बोलावा.

काम झाल्याची पावती डिस्कवर दिसते: ‘-वॅल’ आणि ‘-एसएचएम’ गायब. माझा प्रोग्रॅम आता बंद होताना तेच तपासतो आणि मगच ‘हिशेब मिटला’ असं हिरव्या अक्षरांत दाखवून जातो. नाही जमलं तर लाल अक्षरांत: ‘फाइल अजून मिटलेली नाही, पेन ड्राइव्हवर घेऊ नका.’ काकांना एरर नंबर ५ दाखवून काय उपयोग?

क्लोज व्ही-टू

कोणीतरी सांगेल की ‘क्लोज व्ही-टू’ वापर, तो कधी बिझी म्हणत नाही. खरं आहे, म्हणत नाही. २०१२ पासून तो आहे. स्टेटमेंटं उरली असतील तर तो ठीक आहे म्हणून परततो आणि कनेक्शन भुतासारखं मागे ठेवतो. शेवटचं स्टेटमेंट फायनलाइझ झालं की मग ते खरोखर बंद होतं. ज्या भाषांत मेमरीची झाडलोट आपोआप होते आणि काय आधी जाईल ते आपल्या हातात नसतं, त्यांच्यासाठी हे बनवलं आहे. माझ्यासारखीने सी प्लस प्लसमध्ये ते वापरलं असतं तर तो ५ कधीच आला नसता, आणि फायली तरीही राहिल्या असत्या.

शेडचे महिन्याचे अहवाल मी पायथनमध्ये करते. तिथला एक गैरसमज मी अनुभवी लोकांतही पाहिला आहे. ‘विथ’ आणि पुढे कनेक्शन असं लिहिलं की ब्लॉक संपल्यावर कनेक्शन बंद होतं, असं वाटतं. होत नाही. त्याने फक्त कमिट होतं, किंवा चूक आली तर रोलबॅक. कनेक्शन उघडंच राहतं. बंद व्हायला हवं तर ‘कॉन्टेक्स्टलिब’मधलं ‘क्लोजिंग’ बाहेरून गुंडाळा, किंवा ‘फायनली’मध्ये क्लोज लिहा. आणि पायथनचं क्लोज आपणहून कमिट करत नाही, कमिट विसरलात तर नोंदी गेल्या. पायथन ३.१३ पासून न बंद केलेल्या कनेक्शनबद्दल ‘रिसोर्स वॉर्निंग’ मिळते, पण ती ठरावीकपणे लपलेली असते. चाचणीच्या वेळी वॉर्निंग चालू करून बघा, लाज वाटेल इतक्या निघतात.

डॉटनेटवाल्यांसाठी एवढंच: मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूलाइट लायब्ररीत ६.० पासून पूलिंग (उघडी कनेक्शनं साठवून पुन्हा वापरणं) आहे. क्लोज केलं तरी फाइल पूलच्या हातात राहते आणि विंडोज ती हलवू देत नाही. ‘क्लिअर ऑल पूल्स’ बोलावल्यावर सुटते.

कोणी मधूनच मशीन बंद केलं तर

काका कधी कधी प्रोग्रॅम उघडा ठेवून थेट मशीन बंद करतात. विंडोज अशा वेळी खिडकीला आधी विचारतं आणि मग सत्र संपल्याचा संदेश देतं. त्या दुसऱ्या संदेशाच्या हाताळणीतून तुम्ही परत आलात की प्रोसेस कधीही मारली जाऊ शकते. म्हणून बंद करायचं फंक्शन त्याच्या आतच पुरं झालं पाहिजे, ‘नंतर करू’ म्हणून रांगेत टाकून चालत नाही. आणि तिथे ‘नक्की बाहेर पडायचं?’ असला डबा दाखवत बसू नका. काका तोवर शेडबाहेर.

माझं दुसरं गिऱ्हाईक मालवणच्या किनाऱ्यावरचा एक बर्फाचा कारखाना. तिथे लिनक्सचा छोटा डबा आहे, लाद्यांची नोंद करणारा प्रोग्रॅम सिस्टिमडीखाली (लिनक्सवर प्रोग्रॅम चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेखाली) चालतो. बंद करताना त्याला ‘सिगटर्म’, म्हणजे ‘आवरून थांब’ असा सिग्नल येतो. सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये थेट डेटाबेस बंद करू नका. तो सिग्नल नेमका एसक्यूलाइटच्याच पोटात काम चालू असताना आलेला असू शकतो. तिथे फक्त निशाण लावा, मुख्य लूप ते बघेल आणि अर्धं शटर घेईल. सिस्टिमडी ठरावीकपणे ९० सेकंद थांबतो, मग ‘सिगकिल’, म्हणजे जागीच मारणारा सिग्नल. तो अडवता येत नाही. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) चालवत असाल तर ‘स्टॉप’नंतर लिनक्स कंटेनरला १० सेकंदच मिळतात. माझं बंद करणं तीन सेकंदांच्या आत होतं, पण एका लांबलचक अहवालाच्या क्वेरीने एकदा सगळा वेळ खाल्ला होता. आता निशाण लागलं की मी चालू क्वेरीला ‘इंटरप्ट’ देते, म्हणजे मधेच थांबवते.

लिनक्सवर आणखी एक खड्डा आहे. आपल्याच प्रोग्रॅमने डेटाबेसची फाइल साध्या पद्धतीने उघडून, वाचून बंद केली, समजा कॉपी काढायला, तर त्या प्रोसेसने त्या फाइलवर घेतलेली सगळी कुलुपं (फाइल लॉक) सुटतात. एसक्यूलाइटला याचा पत्ता नसतो. तो समजतो कुलूप आपल्याकडे आहे, आणि दुसरी प्रोसेस आत शिरते. फाइल बिघडायचा हा राजमार्ग. एसक्यूलाइटने उघडलेली फाइल आपण दुसऱ्या हाताने उघडायची नाही. फोर्क करणार, म्हणजे प्रोसेसची प्रत काढणार असाल तर उघडं कनेक्शन पलीकडे नेऊ नका, त्या नव्या प्रोसेसने स्वतःचं उघडावं.

लाईट

आता कोकणात राहून हे लिहायलाच हवं. बंद करायचं फंक्शन कितीही सुरेख लिहा, मे महिन्याच्या शेवटी गडगडाट होऊन लाईट जाते तेव्हा ते कोणी बोलावत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं, तेव्हा तर माडच तारांवर आडवे झाले होते. पॅकिंगचा हंगाम आणि वळवाचा पाऊस एकाच महिन्यात येतात, त्याला इलाज नाही.

वॅल पद्धतीत ‘सिंक्रोनस’ हा प्रॅग्मा ‘फुल’ असेल तर प्रत्येक कमिट डिस्कवर उतरल्याची खात्री करूनच पुढे जातो. ‘नॉर्मल’ असेल तर ती खात्री चेकपॉइंटच्या वेळीच होते. लाईट गेली तर फाइल बिघडत नाही, पण शेवटची काही बिलं मागे सरकू शकतात. नुसता प्रोग्रॅम कोसळला आणि मशीन चालू राहिलं तर नॉर्मलमध्येही कमिट झालेलं जात नाही. इंटरनेटवर वेगासाठी नॉर्मल करा असा सल्ला सर्रास मिळतो. दिवसाला दीडशे बिलं करणाऱ्या शेडला कसला वेग हवा आहे? पैशांचा हिशेब असेल तर फुल ठेवा.

यूपीएस असेल तर त्याची यूएसबी वायर मशीनला जोडा, म्हणजे बॅटरी उतरत आली की मशीन स्वतः रीतसर बंद होईल आणि तुमच्या फंक्शनला संधी मिळेल. बर्फाच्या कारखान्यात ती वायर जोडलेली होती, पण खाऱ्या हवेने तिचं तोंड हिरवं पडलं होतं आणि यूपीएस कोणाशी बोलतच नव्हता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बर्फाला मागणी नसते, तेव्हा मी तिकडे जाऊन अशा वायरी बदलते.

पेन ड्राइव्हचं बटण

पुतण्याला फाइल हवीच होती, आणि लोकांना ती नेहमीच हवी असते. ‘फाइलला हात लावू नका’ असं सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून मी प्रोग्रॅममध्येच बटण दिलं: ‘पेन ड्राइव्हवर द्या’. आत ‘व्हॅक्यूम इंटू’ चालतं, जे २०१९ मध्ये ३.२७.० पासून आहे. डेटाबेस चालू असतानाही कीर्दीसकट पूर्ण अशी एकच स्वच्छ फाइल बाहेर पडते. त्या नावाची भरलेली फाइल आधीच असेल तर मात्र ते नकार देतं, म्हणून मी नावात तारीख आणि वेळ घालते. मोठी फाइल असेल तर बॅकअपची फंक्शनं बरी, थोडी थोडी पानं उतरवता येतात. फक्त शेवटी ‘बॅकअप फिनिश’ बोलवा, नाहीतर रात्री क्लोज पुन्हा ५ म्हणेल.

मायएसक्यूएल, पोस्टग्रेससारखा सर्व्हर असेल तर काम सोपं आहे, कारण खतावणी सर्व्हर सांभाळतो. तुमच्या हातात फक्त कनेक्शन. पूलमधल्या कनेक्शनचं क्लोज म्हणजे परत करणं, हे लक्षात घेऊन परत करण्याआधी कमिट किंवा रोलबॅक करा, आणि प्रोग्रॅम संपताना पूलही बंद करा. पोस्टग्रेस स्वतः थांबवायचाच असेल तर ‘फास्ट’ प्रकार वापरा, ९.५ पासून तोच ठरावीक आहे. ‘इमिजिएट’ म्हणजे पुढच्या वेळी सुरू होताना त्याला आधी दुरुस्ती करावी लागते.

चाचणी

माझ्याकडे बॅटरी मेलेला एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर एक लूप बिलं भरत राहतो, आणि प्रत्येक कमिट यशस्वी झाल्यावरच त्या बिलाचा नंबर नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवतो. मी मधेच भिंतीतली पिन काढते. पुन्हा चालू करून ‘इंटिग्रिटी चेक’ हा प्रॅग्मा चालवते, ‘ओके’ यायला हवं. मग दुसऱ्या मशीनवर पोचलेला शेवटचा नंबर डेटाबेसात आहे का ते बघते. तो नसेल तर पावती छापली पण नोंद नाही, म्हणजे माझा रविवार पुन्हा शेडवर. दुसरी चाचणी ‘किल’ आणि उणे ९, म्हणजे प्रोग्रॅम जागीच मारणं. तिसरी मुद्दाम एक स्टेटमेंट उघडं ठेवायची: लाल अक्षरं दिसलीच पाहिजेत. ही तिसरी फारसं कोणी करत नाही. बंद न होण्याचा रस्ता एकदाही चालून पाहिलेला नसतो, मग तो पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे चालला जातो.

काका आता रात्री फोल्डर उघडून फायली मोजतात. मी सांगितलं नव्हतं, पुतण्याने शिकवलं. मागच्या हंगामात एकदा साडेदहाला फोन आला, ‘गो बाय, आज तीन फायली दिसतत.’ लाल अक्षरं आली होती का, विचारलं. आली होती म्हणे. पुतण्याने बिलं बघायला डेटाबेस ब्राउझर उघडला होता, आणि तो मागच्या खिडकीत तसाच होता. तो बंद करायला लावला, आमचा प्रोग्रॅम पुन्हा उघडून बंद करायला लावला. फोनवर थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

‘आता एकच ऱ्हवली.’